मुलांपर्यंत पोचतं कोण? पालकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय : रोज किती वेळ मोबाइल द्यावा? त्याचं उत्तर अगदी शेवटी दिलंय, तेही थोडक्यात. त्या पडद्यातून आपल्या मुलापर्यंत कोण पोचू शकतं, हे आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं. एक मूल दोन तास चित्रकलेचे व्हिडिओ बघत बसलं आणि दुसरं वीस मिनिटं अनोळखी माणसाशी बोलत बसलं, तर काळजी दुसऱ्याची करायची. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात. सेटिंग्जची नावं अपडेटनंतर थोडी इकडेतिकडे होतात. एखादं नाव दिलेल्या जागी सापडलं नाही, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत टाइप करून बघा.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. एकटी जा-ये करू लागलीय, म्हणून तिला पहिला स्मार्टफोन देतोय. हातात देण्याआधी काय करून ठेवावं?

फोन तिला दाखवण्याआधीची एक संध्याकाळ यासाठी मोकळी ठेवा. फोन दिल्यानंतर एकेक गोष्ट बंद करत गेलात की प्रत्येक वेळी वाद होतो. पहिल्या दिवसापासून जे बंद असतं, त्याबद्दल फारशी कुरकुर होत नाही.

पहिलं काम खात्याचं. आई-बाबांच्याच खात्यावर फोन सुरू करून देणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. त्यामुळे तुमचे मेल, फोटो आणि साठवलेलं कार्ड तिच्या हातात जातं, आणि फोनच्या लेखी ती चाळिशीची बाई ठरते. तिचं वेगळं खातं काढा आणि जन्मसाल खरं टाका. जन्मसालाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, पण लहान मुलांसाठीची सगळी संरक्षणं त्या एका आकड्यावर चालतात. आज ११च्या जागी १८ केलंत, तर १४व्या वर्षी तिला प्रौढांच्या जाहिराती दिसतील आणि प्रौढांचे मेसेज येतील.

अँड्रॉइड असेल तर तुमच्या फोनवर 'फॅमिली लिंक' हे गूगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप घ्या, त्यातच तिचं खातं तयार करा आणि नव्या फोनवर पहिलं खातं म्हणून तेच टाका. मग तीन गोष्टी करा. प्ले स्टोअरच्या परवानगीत 'ऑल कंटेंट' निवडा, म्हणजे फुकट अ‍ॅपसाठीसुद्धा विनंती तुमच्याकडे येईल. क्रोममध्ये नको त्या साइट अडवायचा पर्याय असतो, आणि फक्त तुम्ही मंजूर केलेल्या साइट उघडू द्यायचाही असतो. ११व्या वर्षी सहसा पहिला पुरतो. तिसरी गोष्ट म्हणजे रात्रीची बंद व्हायची वेळ.

आयफोन असेल तर 'फॅमिली शेअरिंग'मध्ये तिचं मुलांचं खातं जोडा आणि 'स्क्रीन टाइम'ला वेगळा पासकोड द्या. फोन उघडायचा आकडाच इथे ठेवू नका, तो तिला माहीत असतो. 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स'मध्ये 'लिमिट अ‍ॅडल्ट वेबसाइट्स' निवडलंत की सफारीतलं खासगी ब्राउझिंगही बंद होतं. 'कम्युनिकेशन सेफ्टी' चालू आहे ना, तेही बघून घ्या. नग्न फोटो आला किंवा ती पाठवायला गेली, तर फोन तो धूसर करतो आणि थांबून विचारतो. ही तपासणी फोनमध्येच होते, फोटो अ‍ॅपलकडे जात नाही.

आता हे कुलूप कुठे निसटतं ते. फॅमिली लिंकची साइट-गाळणी फक्त क्रोमला लागू होते. दुसरा ब्राउझर टाकला तर ती संपली, म्हणून दुसऱ्या ब्राउझरला परवानगी देऊ नका. बऱ्याच अ‍ॅपच्या पोटात स्वतःचा छोटा ब्राउझर असतो. 'अबाउट'मधली लिंक दाबली की तो उघडतो, आणि गाळणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. इंटरनेटची वाट दुसरीकडून फिरवणाऱ्या व्हीपीएन अ‍ॅपचंही तसंच. आणि तुमच्या खात्याचा पासवर्ड तिला माहीत असेल, तर ती स्वतःच्या विनंत्या स्वतःच मंजूर करेल. मुलं हा पासवर्ड आपल्या मागे उभं राहून शिकतात, त्यामुळे तो आजच बदला.

घरच्या वायफायलाही एक गाळणी लावता येते. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, दोन चौकटी असतात. त्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरा. ही क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची मोफत सेवा आहे. शेवटचा आकडा नीट बघा : १.१.१.१ काहीच अडवत नाही, १.१.१.२ फक्त घातक सॉफ्टवेअरच्या साइट अडवतं, १.१.१.३ त्याबरोबर अश्लील साइटही अडवतं. आकडे भरल्यावर सगळी उपकरणं एकदा वायफायवरून काढून परत जोडा. इतकं करूनही एखाद्या लॅपटॉपवर गाळणी चालत नसेल, तर त्याच्या ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' चालू आहे का बघा (ते राउटरला वळसा घालू शकतं), किंवा राउटरमध्ये आयपीव्ही६च्या, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांच्या, चौकटी रिकाम्या राहिल्यात का ते तपासा. डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या आत काय चाललंय, ते त्याला कळत नाही. शिवाय मोबाइल डेटा सुरू केला की फोन घरच्या गाळणीतून बाहेर पडतो.

बहुतेक सोशल मीडियाचं किमान वय १३ आहे. हा आकडा मूळचा अमेरिकेतल्या १९९८च्या, मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाबद्दलच्या कायद्यातून आला. तेव्हा ११व्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅप नको. वर्गाचा ग्रुप तुमच्या फोनवर ठेवा आणि तिला तिथे वाचू द्या.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे, ऑनलाइन गेम खेळतो. गेममधला एक 'मित्र' त्याला रोज भेटवस्तू देतो. आता तो 'दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू' म्हणतोय. तो त्याच्याच वयाचा आहे, असं मुलगा सांगतो.

तो १२ वर्षांचा असेलही. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की थांबायला हवं : भेटवस्तू, रोजचा संपर्क आणि 'दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू'. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं याच क्रमाने पुढे जातात. आधी गेममधली नाणी किंवा कपडे देतात, मग 'तुझे आई-बाबा तुला समजून घेत नाहीत' असं म्हणतात, मग एखादं छोटं गुपित ठेवायला सांगतात, आणि फोटोची मागणी त्यानंतर येते. भेटवस्तू घेतली की मुलाला उपकार वाटतो आणि नाही म्हणणं जड जातं. या सगळ्याचा पाया तिथेच घातला जातो.

अ‍ॅप बदलायला सांगण्यामागेही कारण असतं. गेममधल्या गप्पांवर गेमकंपनीची थोडीफार नजर असते : शब्द गाळले जातात, तक्रार केली की संभाषण तपासता येतं. खासगी मेसेज अ‍ॅपवर एंड-टू-एंड कुलूप असेल, तर मधल्या कोणालाच ते वाचता येत नाही. मोठ्यांच्या खासगीपणासाठी ती सोय चांगलीच आहे, पण अशा माणसालाही नेमकी तीच हवी असते.

मुलाला 'तो वाईट माणूस आहे' असं सांगू नका. तो लगेच मित्राची बाजू घेईल. त्याऐवजी म्हणा, "गेममधले मित्र गेममध्येच. बोलायचं असेल तर इथेच बोला. पुन्हा दुसरीकडे बोलावलं, तर आधी मला दाखव. मी रागावणार नाही." खरा १२ वर्षांचा मुलगा हे ऐकून खेळत राहतो. दुसरा हेतू असलेला माणूस चिडतो, गयावया करतो किंवा नाहीसा होतो.

मग मुलाच्या शेजारी बसून गेमची सेटिंग्ज उघडा. चॅट आणि व्हॉइस 'फ्रेंड्स'पुरतं ठेवा. त्यानंतर फ्रेंड्सची यादी वाचा, कारण यादीत शंभर अनोळखी नावं असतील तर 'फक्त फ्रेंड्स' या पर्यायाला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा : याला तू प्रत्यक्ष ओळखतोस? 'नाही' असेल ते नाव काढा. रोब्लॉक्ससारख्या गेममध्ये पालकाचं खातं मुलाच्या खात्याशी जोडता येतं आणि खर्चाची मर्यादा, चॅट, मित्रयादी तुमच्या फोनवरून बघता येते. हेडफोनशिवाय, घरातल्या बैठकीच्या खोलीत खेळणं हा नियम या वयात कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाने काल रात्री रडत सांगितलं, की एका 'मुलीने' त्याच्याकडून नको तसा फोटो मागवला आणि आता ती पैसे मागतेय. नाहीतर सगळ्या मित्रांना पाठवीन म्हणतेय. आम्ही काय करायचं?

या पत्राला सविस्तर उत्तर देतोय, कारण असा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो आणि त्या रात्री शोधाशोध करायला वेळ नसतो.

सगळ्यात आधी त्याला सांगा : "तू मला सांगितलंस हे फार बरं केलंस. गुन्हा धमकी देणाऱ्याने केलाय. आता हे आपण दोघं बघू." आणि ती रात्र त्याला एकटं सोडू नका. त्याच खोलीत झोपा. हे आम्ही सगळ्या तांत्रिक गोष्टींच्या आधी लिहितोय, कारण या धमक्या तासांत नव्हे, मिनिटांत वाढतात. लाजेने कोंडीत सापडलेल्या मुलांनी जिवाचं बरंवाईट केल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत. पैशांसाठी होणाऱ्या या प्रकारात १४ ते १७ वयाचे मुलगे सर्वाधिक सापडतात. पलीकडे बहुतेकदा मुलगी नसतेच. संघटित टोळ्या चोरलेल्या फोटोंवर खाती चालवतात आणि एकाच वेळी अनेक मुलांशी तेच संभाषण करत असतात.

पैसे देऊ नका. दिले की हा मुलगा देतो एवढंच त्यांना कळतं आणि पुढची मागणी मोठी येते. गिफ्ट कार्डचा आकडाही देऊ नका. आधीच काही दिलं असेल, तर लगेच बँकेला किंवा कार्ड देणाऱ्या कंपनीला कळवा आणि तिथेच थांबा. धमकावणाऱ्याला उत्तर देऊ नका, विनवणीही नको, शिवीही नको.

मग पुरावे जमवा, आणि ब्लॉक करायच्या आधी जमवा. समोरच्या खात्याचं पान उघडून स्क्रीनशॉट घ्या. त्यात वर दिसणारं नाव पुरत नाही, कारण ते क्षणात बदलता येतं. खाली असणारं यूझरनेम आणि प्रोफाइलची लिंक हवी. धमकीचे मेसेज तारीख-वेळेसह, पैसे कुठे मागितले तो खातेक्रमांक किंवा पत्ता, हे सगळं जतन करा. एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे : मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून कोणालाही पुढे पाठवू नका. नातेवाईकाला नको, ओळखीच्या वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपवर नको. अनेक देशांत अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गंभीर गुन्हा आहे, पाठवणारा बाप असला तरी. पोलिसांना फोन दाखवा, ते त्यांच्या पद्धतीने घेतील.

त्यानंतर अ‍ॅपमध्येच 'रिपोर्ट' करा आणि कारणांत लहान मुलांचं लैंगिक शोषण किंवा धमकी हा पर्याय निवडा. 'स्पॅम' निवडलंत तर तक्रार मागे पडते. मग ब्लॉक. मुलाचं खातं मात्र डिलीट करू नका, पुरावेही त्याच्याबरोबर जातील. खातं खासगी करा आणि त्याची मित्रयादी कोणाला दिसणार नाही असं करा. धमकी चालते ती त्या यादीच्या जोरावर.

फोटो फिरू नये यासाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था चालवते आणि कुठल्याही देशातून वापरता येते. नाव द्यावं लागत नाही. तुम्ही तिथे फोटो निवडता, पण फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक आकड्या-अक्षरांचा ठसा बनतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्याच ठशाचं चित्र कोणी टाकलं, की कंपनीला ते ओळखून काढता येतं. ठसा बनवायला मूळ फाइल लागते, म्हणून घाबरून फोटो आधीच डिलीट करू नका. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा वेगळा येऊ शकतो, तेव्हा धमकावणाऱ्याने पाठवलेली प्रतही वेगळी नोंदवा. ठसे नोंदवून झाले आणि पोलिसांनी फोन बघितला, की मग फोटो काढून टाकायचा. सहभागी नसलेल्या कंपन्या आणि कुलूपबंद खासगी मेसेज यांच्यापर्यंत हा उपाय पोचत नाही. ज्यांना १८ पूर्ण झालीत त्यांच्यासाठी असंच काम 'स्टॉपएनसीआयआय' करतं.

तक्रार पोलिसांत किंवा तुमच्या देशाच्या सायबर गुन्हे विभागात करा. फोटो खरंच एखाद्या मित्राला गेलाच, तर त्या मित्राच्या पालकांशी तुम्ही बोला, मुलाला बोलायला लावू नका. "डिलीट करा आणि पुढे पाठवू नका" एवढंच वाक्य पुरे.

आणि फोन काढून घेऊ नका. शिक्षा म्हणून फोन गेला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. हे त्याचं धाकटं भावंडही बघत असतं.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची. तिचे मेसेज तिला न कळता वाचता येतील असं अ‍ॅप सुचवा.

सुचवणार नाही, आणि कारण आधी तांत्रिक आहे. अशी चोरून वाचणारी अ‍ॅप सहसा प्ले स्टोअरबाहेरून टाकावी लागतात आणि त्यासाठी 'प्ले प्रोटेक्ट' बंद करायला सांगतात. म्हणजे सुरक्षेसाठी तुम्ही फोनचं संरक्षणच काढता. मग तिचे मेसेज, फोटो, ठिकाण कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं, आणि अशा कंपन्यांचे साठे फुटल्याचे प्रकार अनेकदा घडलेत. दुसरं कारण घरातलं. तिला हे कधीतरी कळतंच, आणि मग ती मैत्रिणीच्या फोनवर दुसरं खातं काढते.

उघडपणे बघा. "या वर्षी आपण दर रविवारी तुझ्या फोनची यादी एकत्र बघणार, पुढच्या वर्षी महिन्यातून एकदा" असं ठरवा. यादी म्हणजे कोण संपर्कात आहे ते. काय बोललं ते शब्दन्‌शब्द वाचायची गरज नसते. मैत्रिणींची भांडणं तिची तिला राहू द्या. जिवाला धोका आहे असं ठोस कारण दिसलं, तर मात्र सांगून सगळं उघडून बघा.

व्हॉट्सअ‍ॅप असेल तर 'प्रायव्हसी'त 'ग्रुप्स' हे 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा, नाहीतर तिचा नंबर असलेला कोणीही तिला शंभर अनोळखी लोकांच्या ग्रुपात टाकू शकतो. प्रोफाइल फोटोही 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरताच ठेवा. 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. तिथे न ओळखीचा संगणक दिसला, तर कोणीतरी तिचे मेसेज दुसरीकडे वाचतंय. इन्स्टाग्रामवर 'टीन अकाउंट' असेल तर खातं आपोआप खासगी असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना थांबतात, आणि १६ वर्षांखालच्या मुलीला हे सैल करायला पालकाची परवानगी लागते. खोट्या जन्मसालाच्या खात्याला हे संरक्षण सहसा मिळत नाही. पुन्हा तोच आकडा.

प्रश्न : नातू ४ वर्षांचा आहे. यूट्यूबवर गाणी लावून देते, पण दहा मिनिटांनी भलतंच काहीतरी चालू असतं.

आजी, दोष तुमचा नाही. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो, आणि निवड तिथेच हातातून सुटते. 'यूट्यूब किड्स' वेगळं अ‍ॅप घ्या. कोपऱ्यातलं छोटं कुलूप दाबा. ते एक गुणाकार विचारतं. सेटिंग्जमध्ये नातवाचं प्रोफाइल उघडा आणि 'अप्रूव्ह कंटेंट युअरसेल्फ' हा पर्याय निवडा. मग तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेल सोडून काहीच दिसत नाही, शोधायची सोयही बंद होते. १५-२० व्हिडिओ निवडलेत तरी महिनाभर पुरतात, या वयाला तेच तेच बघायला आवडतं. त्याच कुलुपाखाली टायमर आहे. आणि गुणाकाराच्या जागी स्वतःचा पासकोड लावा, पाढे पाठ असलेलं मोठं भावंड ते कुलूप लगेच उघडतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात २ ते ४ वयासाठी बसून बघायचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत, कमी तितका चांगला, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, असं सांगितलंय.

प्रश्न : ९ वर्षांच्या मुलाने माझ्या फोनवरच्या गेममध्ये बरेच पैसे घालवले. बोटाचा ठसा लावल्याशिवाय खरेदी होत नाही, मग हे झालं कसं?

तुमच्या फोनमध्ये त्याच्या बोटाचा ठसा साठवलाय का ते बघा. फोन पटकन उघडता यावा म्हणून बरेच पालक मुलाचाही ठसा घालून ठेवतात, आणि प्ले स्टोअरला तो तुमच्या ठशाइतकाच चालतो. तो ठसा काढा. मग प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल फोटो, सेटिंग्ज आणि तिथली खरेदीची पडताळणी उघडून प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'च्या निर्बंधांत 'इन-अ‍ॅप पर्चेसेस' हे 'डोन्ट अलाउ' करा.

पैसे परत मागायचे असतील तर वेळ घालवू नका. गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत मागणी केली तर मिळण्याची शक्यता जास्त असते, त्यानंतर ते गेम बनवणाऱ्याकडे पाठवतात. अ‍ॅपलसाठी 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' हे पान आहे. मागणीत खरेदी लहान मुलाने परवानगीशिवाय केली, असं स्पष्ट लिहा.

मुलाला रागवण्याआधी तो गेम बघा. आत काय निघेल ते न सांगता पेटी विकत घ्यायला लावणारे गेम जुगारासारखे चालतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८मध्ये अशा पैसे घेणाऱ्या पेट्या तिथल्या कायद्यात बसत नाहीत असं ठरवलं. मोठ्या माणसालाही ते आवरत नाही, नऊ वर्षांच्या मुलाला कसं आवरेल?

प्रश्न : आम्ही मुलांचे फोटो सगळीकडे टाकतो. त्यात काय धोका?

फोटोत मुलाशिवाय काय दिसतंय ते बघा. गणवेशावरचं शाळेचं चिन्ह, मागे घराचा नंबर, वाढदिवसाच्या फलकावर पूर्ण नाव आणि वय. एवढं मिळालं की अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणाऱ्याला मुलं परकं समजत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेशन' बंद करा. चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच जागा नोंदली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ती नोंद गळते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर तशीच जाते. आंघोळीचे, कपडे कमी असलेले फोटो कुठेच टाकू नका, खासगी ग्रुपातही नको. आणि मूल सहा-सात वर्षांचं झालं की विचारा, "हा टाकू का?" संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं १६वं कलम मुलाच्या खासगीपणाबद्दलच आहे.

प्रश्न : १४ वर्षांची मुलगी रात्री उशिरापर्यंत एआय चॅटबॉटशी बोलते. म्हणते, तो मला समजून घेतो.

अभ्यासातली शंका विचारणं वेगळं आणि रात्री मन मोकळं करणं वेगळं. चॅटबॉट कंटाळत नाही, उलट बोलत नाही, आणि बोलणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याकडे त्याचा कल असतो. दुःखात असलेल्या मुलीला कधीतरी 'हे तुझं चुकतंय' किंवा 'हे आईला सांग' म्हणणारं कोणीतरी लागतं. पात्राचं सोंग घेऊन बोलणाऱ्या बॉटबद्दल तर जास्तच सावध राहा. 'कॅरेक्टर एआय'ने २०२५च्या नोव्हेंबरात १८ वर्षांखालच्यांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या.

चॅटजीपीटीमध्ये सप्टेंबर २०२५पासून पालकांसाठी सोय आहे. तुमच्या खात्यातून तिला आमंत्रण पाठवायचं आणि तिने ते स्वीकारायचं. मग रात्रीचे बंद तास ठरवता येतात, जुनं बोलणं लक्षात ठेवणं आणि आवाजातलं संभाषण बंद करता येतं. तिचं बोलणं तुम्हाला वाचता येत नाही. तिने जोडणी तोडली तर तुम्हाला कळतं. पण सुरुवात यापासून करू नका. "तो काय म्हणाला म्हणजे तुला बरं वाटतं?" हे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. झोप उडाली असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलणं असेल, तर समुपदेशकाकडे जा, सेटिंग्जच्या मागे लागू नका.

प्रश्न : मुलगा ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकी वापरतो. म्हणजे काहीच कळत नाही का?

त्या ब्राउझरच्या इतिहासात नोंद राहत नाही, एवढंच. वायफायवरची डीएनएस गाळणी इन्कॉग्निटोतही लागू होते. फॅमिली लिंकच्या देखरेखीखालच्या खात्याला क्रोममध्ये इन्कॉग्निटो मिळतच नाही. मिळत असेल, तर फोनवर भलतंच खातं चालू आहे.

प्रश्न : शेवटी, रोज किती तास?

वयाच्या पाच वर्षांनंतर सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा सांगता येत नाही. झोप, अभ्यास, मैदान आणि घरातल्यांशी बोलणं हे चारही जागेवर असतील, तर उरलेल्या वेळावरून फार घासाघीस करू नका. एक नियम मात्र पक्का ठेवा : झोपायच्या खोलीत फोन नको. सगळ्यांचे फोन, तुमचाही, रात्री बैठकीच्या खोलीतल्या एकाच ठिकाणी चार्जिंगला लागतील. वर जी संकटं लिहिली, त्यांतली बरीच दार लावून, रात्री अकरानंतर घडतात. "गजर लावायला फोन लागतो" ही सबब पहिल्याच रात्री येईल, म्हणून गजराचं साधं घड्याळ आधी आणून ठेवा.